वातवलय म्हणजे ओझोन नव्हे

पर्युषण जवळ आलं की आमच्या सीमाभागात, बेळगावपासून निपाणीपर्यंत, बस्त्याबस्त्यांतून व्याख्यानांचे फलक लागतात. त्यात एक विषय ठरलेला असतो, ‘जैन धर्म आणि विज्ञान’. वक्ते शिकलेले असतात, कुणी डॉक्टर, कुणी इंजिनिअर. आणि त्यांच्या भाषणात एक वाक्यही आता ठरून गेलं आहे. शास्त्रज्ञांना ओझोनचा थर काल-परवा कळला, आपल्या आचार्यांनी मात्र पृथ्वीभोवतीची तीन वातवलयं हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवली आहेत! टाळ्या पडतात. आम्ही बायका एकमेकींकडे अभिमानानं बघतो. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य फोनवरून घरोघर पोचतं, आणि रविवारी पाठशाळेतली पोरं ते वहीत लिहून घेतात.

मी या वाक्याविरुद्ध लिहिते आहे. मी श्राविका आहे, रोज स्वाध्याय करते, आणि आयुष्यातली बरीच वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे. या दोन्ही नात्यांनी सांगते, हे वाक्य शास्त्रालाही धरून नाही आणि विज्ञानालाही नाही. शिवाय त्यानं आपलं एक मोठं नुकसान होतं आहे, ते शेवटी सांगेन. दोष मी महाराजांना देत नाही. ज्यांनी विज्ञान शिकून पदव्या घेतल्या आणि तरी हे बोलतात, त्यांना देते.

आधी शास्त्राचं बघू. वातवलयं तीन सांगितली आहेत, घनोदधी, घनवात आणि तनुवात. ती कशाभोवती आहेत? पृथ्वीच्या गोळ्याभोवती नाहीत. ती सगळ्या लोकाभोवती आहेत. अधोलोक, मध्यलोक, ऊर्ध्वलोक, म्हणजे सात नरकांपासून सिद्धशिलेपर्यंत जेवढं काही आहे तेवढ्याला त्यांनी वेढलं आहे, आणि त्यांच्या पलीकडे अलोकाकाश. यतिवृषभाचार्यांच्या तिलोयपण्णत्तीत त्यांची मापं आहेत, रंगसुद्धा आहेत. लोकाच्या तळाशी एकेक वलय वीस हजार योजन जाडीचं. साधं योजन चार कोसांचं धरलं तरी ऐंशी हजार कोस होतात. आणि ओझोन आहे कुठं? जमिनीपासून १५ ते ३५ किलोमीटरच्या दरम्यान. आता सांगा, ही दोन मापं कुठल्या तराजूत एकमेकांसमोर बसतात?

आणखी पुढं जाऊ. सिद्ध परमेष्ठी लोकाच्या अग्रभागी, तनुवातवलयाच्या शेवटाशी विराजमान आहेत असं आपण मानतो. तेच तनुवातवलय म्हणजे ओझोनचा थर असेल, तर सिद्धांचं स्थान आपल्या डोक्यावर पंचवीस किलोमीटरवर आलं. साधं प्रवासी विमान अकरा-बारा किलोमीटरवरून जातं, हवामान खात्याचा फुगा तीस किलोमीटरच्या वर जातो! आणि ओझोनला तर माणसाच्या हातून भोक पडलं. मग अनादिनिधन लोकाच्या वलयाला आपल्या फ्रीजमधल्या वायूनं भोक पडलं असं म्हणायचं का? हे वाक्य ऐकून टाळ्या वाजवताना आपण कशाला होय म्हणतोय याचा विचार कुणी केला का, बाई? शास्त्रावर नसलेला दोष लादणं हा अवर्णवाद, असं आपण शिकतो. शास्त्रावर नसलेला अर्थ लादणं हे त्याहून फार वेगळं आहे असं मला वाटत नाही.

वातवलय हा श्रद्धेचा आणि तत्त्वज्ञानाचा विषय आहे. लोक कशाच्या आधारावर उभा आहे, या प्रश्नाचं ते उत्तर आहे. त्याला त्याच्या जागी राहू द्या. ओझोनचा आधार मिळाला तरच ते खरं ठरेल, असं वाटायला लागलं तर श्रद्धा कच्ची आहे म्हणायची.

आता हवेच्या थरांचं. हे आकडे पुस्तकात वाचले की डोक्यावरून जातात, म्हणून मी पोरींना रस्त्यावरून सांगायची. समजा, बेळगावहून निपाणीला जाणारा आपला हमरस्ता उचलून सरळ आकाशाकडे उभा केला आणि आपण त्यावरून गाडीनं वर निघालो. काकतीच्या आसपास आठ-नऊ किलोमीटर झाले, तिथं एव्हरेस्टचं टोक. होनग्यापाशी विमानं भेटतील. होनगा ओलांडून जरा पुढं गेलं, सोळा-सतरा किलोमीटर झाले, की पहिला थर संपला. हा तपांबर. ढग, पाऊस, वारा, वादळ, आपला श्वास, सगळं याच थरात, आणि एकूण हवेचा तीन चतुर्थांशाहून जास्त भार इथंच. वर जाऊ तशी दर किलोमीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंडी वाढत जाते. बेळगाव समुद्रापासून अडीच हजार फुटांवर आहे म्हणून इथली हवा थंड, आणि म्हणून एके काळी लोक हवापालटाला इथं यायचे. तपांबराच्या माथ्याला आपल्याकडे उणे पंचाहत्तर-ऐंशी अंशांची थंडी असते.

तिथून पुढं गंमत होते. थंडी वाढायची थांबते आणि उलट ऊब वाढायला लागते. हा दुसरा थर, स्थितांबर. हत्तरगीच्या अलीकडे, वीस-पंचवीस किलोमीटरवर, ओझोन सगळ्यात दाट. संकेश्वर आलं, पन्नास किलोमीटर झाले, की स्थितांबर संपलं. तिथं तपमान शून्याच्या आसपास आलेलं असतं. एवढी ऊब आली कुठून? ओझोननं सूर्याचे अतिनील किरण गिळले, त्यांची ती उष्णता. संकेश्वरापासून पुन्हा थंडी, हा मध्यांबर. स्तवनिधीचा घाट आणि निपाणी त्यात येतात. तुटणारे तारे ज्या उंचीवर जळून जातात ती साधारण हीच. कोगनोळीच्या नाक्यापाशी आयनांबर सुरू होतो, आणि कागल आलं की शंभर किलोमीटर भरत आले; तिथून पुढं अवकाश धरायची रीत आहे. म्हणजे बेळगावहून कागलला लेकीकडे जायला जेवढं अंतर, तेवढंच अवकाश आपल्यापासून लांब. त्याच्याही पुढं विरळ होत होत बाह्यांबर. मोजा आता. हे थर पाच झाले. तीन वलयांच्या हिशोबात बसवायला दोन कुठं लपवणार?

आणि ओझोनचा थर हे खरं तर वेगळं वलयच नाही. दुसऱ्या थरातल्या हवेत तो थोडासा मिसळलेला असतो, लाखात जेमतेम एखादा कण, एवढाच. वरपासून खालपर्यंतचा सगळा ओझोन गोळा करून जमिनीवर आणला आणि इथल्या हवेच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी सरासरी तीन मिलिमीटर भरेल. आपल्या ज्वारीच्या भाकरीएवढी. भाकरीएवढ्या जाडीचं हे पांघरूण आहे म्हणून रानात भांगलणाऱ्या बाईची कातडी शाबूत आहे, डोळ्यांत लवकर मोतीबिंदू उतरत नाही, पिकं उभी आहेत. सूर्याचे सगळ्यात घातक अतिनील किरण प्राणवायू आणि ओझोन मिळून पूर्ण अडवतात, आणि त्यांच्या खालोखालचे ओझोन बहुतेक सगळे अडवतो.

हे कळलं कसं? कुणी ध्यानाला बसलं आणि दिसलं असं नाही. फ्रान्समध्ये टेसरेंक द बोर या माणसानं शेकडो फुगे सोडून तपमान मोजलं आणि १९०२ मध्ये सांगितलं की वर एका उंचीनंतर थंडी वाढत नाही. १९१३ मध्ये फाब्री आणि ब्यूसाँ यांनी दाखवलं की वरच्या हवेत ओझोन आहे. म्हणजे ‘काल-परवा’ हे शंभर वर्षांहून जुनं आहे. इंग्लंडच्या डॉब्सन यांनी १९२० च्या दशकात ओझोन मोजायचं यंत्र बांधलं, आज त्यांच्याच नावानं तो मोजला जातो. तीन मिलिमीटर म्हणजे ३०० डॉब्सन.

आपल्याकडे, अगदी पुण्यात, हे काम एका बाईनं केलं. तिचं नाव ॲना मणी. या व्याख्यानांतून ते नाव मी आजवर एकदाही ऐकलेलं नाही. १९१८ मध्ये त्रावणकोरातल्या पीरमेडला जन्म. घरची रीत अशी की आठव्या वाढदिवसाला मुलीला हिऱ्याच्या कुड्या द्यायच्या. या मुलीनं कुड्या नको म्हटलं आणि ज्ञानकोशाचे खंड मागितले. आपल्या समाजात सोन्याहिऱ्यांचं काय स्थान आहे ते मी सांगायला नको. आपल्या घरातली आठ वर्षांची पोर असं म्हणाली असती तर आपण काय केलं असतं, ते प्रत्येकीनं मनाशी विचारून बघावं. पुढं बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत तिनं हिरे आणि माणकांच्या प्रकाशाचा अभ्यास केला, पाच शोधनिबंध लिहिले, आणि एम. एस्सी. नाही या सबबीवर मद्रास विद्यापीठानं तिला डॉक्टरेट नाकारली. ती रडत बसली नाही. लंडनला जाऊन हवामानाची यंत्रं शिकली आणि १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाली. तोवर आपण पाऊस मोजायची साधी यंत्रंसुद्धा परदेशातून आणत होतो. तिनं शंभराच्या आसपास यंत्रांचे आराखडे पक्के करून ती देशात बनवायला लावली. १९६० च्या दशकात तिनं ओझोन मोजायचं, फुग्याला बांधून वर सोडायचं यंत्र आपल्याच देशात तयार केलं. ओझोनमुळे जग जागं होण्याच्या कितीतरी आधी. आंतरराष्ट्रीय ओझोन आयोगावर ती सदस्य होती. १९७६ ला खात्याची उपमहासंचालक म्हणून निवृत्त झाली आणि २००१ मध्ये गेली.

आता माझा प्रश्न असा. जिनं आयुष्य घालवून ओझोन मोजला तिचं नाव घ्यायचं नाही, आणि ‘हे आमच्याकडे होतंच’ म्हणून मिरवायचं, याला काय म्हणायचं? अचौर्य अणुव्रत आपण पैशापुरतं, दागिन्यापुरतं समजतो. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान. दुसऱ्याच्या कष्टाचं श्रेय न विचारता आपल्या नावावर लावणं अदत्तादानात बसत नाही का? लग्नात उसना हार घालून मिरवणारीला आपण मागं नावं ठेवतो. समाजानं उसनं ज्ञान मिरवलं तर टाळ्या कशा वाजवतो?

आणि उसनं घ्यायची गरज तरी काय? आपलं अस्सल सोनं घरात आहे. राष्ट्रकूटांच्या अमोघवर्षाच्या काळात, नवव्या शतकात, याच कर्नाटकाच्या मातीत महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. तो ग्रंथ आहे, त्यातली उदाहरणं आहेत, जगभरचे गणिती त्याचं नाव आदरानं घेतात. आपल्या किती मुलांनी त्यातलं एक तरी गणित सोडवलंय? बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती आठशे वर्षं उभी आहे. छतावरचं ते दगडी कमळ कुणी, कसं तोललं, हे आपल्या इंजिनिअर वक्त्यांनी एकदा समजावून सांगावं, मी पहिल्या रांगेत येऊन बसेन. स्तवनिधीला १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली ती समाजानं शिकावं म्हणून. त्या लोकांनी वसतिगृहं काढली ती पोरांनी जगाचं ज्ञान घ्यावं म्हणून. सगळं आपल्याकडे आधीच होतं असं त्यांना वाटलं असतं, तर वसतिगृहं कशाला काढली असती?

मला यावर नेहमी दोन उत्तरं मिळतात. पहिलं असं, “अहो बाई, त्यानं बिघडतं काय? पोरांना धर्माची गोडी लागते.” बिघडतं. पाठशाळेत हे वाक्य लिहून घेतलेली पोरगी पुढं बारावीला जाते. तिथं तिला कळतं की ओझोन पंचवीस किलोमीटरवर आहे आणि पाठशाळेत शिकवलेलं जुळत नाही. मग ती काय करते? एक तर शाळेचं खोटं मानते आणि परीक्षेपुरतं पाठ करते. नाही तर पाठशाळेचं सगळंच खोटं मानते, वातवलयाबरोबर अहिंसाही टाकून देते. दोन्हीकडून पोर आपण गमावली. धर्माची गोडी लावायला खोटी साखर घातली, की खरं कळल्यावर सगळंच कडू लागतं.

दुसरं उत्तर असं, “विज्ञान रोज बदलतं, शास्त्र बदलत नाही.” बरं, मग जे रोज बदलतं त्याच्या खुंटीला न बदलणारं शास्त्र बांधता कशाला? उद्या विज्ञानानं आकडा बदलला तर तुम्ही वातवलयाची जाडीही बदलणार का? विज्ञान बदलतं ही त्याची लाज नाही. चूक सापडली की ते उघड सांगतं, हा त्याचा प्रामाणिकपणा आहे. ओझोनचीच गोष्ट घ्या. १९२८ मध्ये अमेरिकेत क्लोरोफ्लुरोकार्बन नावाचे वायू तयार झाले, आपण त्यांना सीएफसी किंवा फ्रिऑन म्हणतो. जळत नाहीत, विषारी नाहीत, वास नाही. फ्रीजला, एसीला, फवारणीच्या डब्यांना याहून चांगलं काही नाही असं सगळे म्हणाले. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड या दोघांनी कागदावर हिशोब मांडून दाखवलं की हेच वायू न मोडता वर स्थितांबरात जातात, तिथल्या प्रखर किरणांनी फुटतात, त्यातून क्लोरीन सुटतो आणि तो ओझोन खातो.

हे कसं होतं ते स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते. वर ओझोन सतत बनतो आणि सतत मोडतो. एक बाई भाकऱ्या थापते आहे, पंगत जेवते आहे, टोपली कायम सारखीच भरलेली. त्यात एक असा पाहुणा आला की ज्याचं पोट कधी भरतच नाही. एकटा क्लोरीनचा अणू लाखभर ओझोनचे रेणू मोडतो आणि स्वतः तसाच राहतो. टोपली रिकामी व्हायला किती वेळ?

तरी कंपन्या म्हणाल्या, पुरावा कुठाय? अमेरिकेतल्या कितीतरी घरांनी कायदा व्हायची वाट न बघता फवारणीचे डबे घ्यायचे सोडले. केसांचा फवारा, अंगाचा फवारा. बाजार करणाऱ्यांनी नको म्हटलं, म्हणून कायद्याला बळ आलं, आणि १९७८ मध्ये तिथं अशा फवाऱ्यांवर बंदी आली. पुढं १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर वर्षानुवर्षं तेच ते मोजत बसलेल्या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की तिथल्या ऑक्टोबरात ३०० च्या आसपास असणारा ओझोन २०० च्या घरात उतरला आहे. दुसऱ्याच वर्षी सुझन सॉलोमन ही तीस वर्षांची बाई तुकडी घेऊन त्या बर्फात गेली आणि तिथल्या थंडगार ढगांवर क्लोरीन कसा मोकळा होतो याचा पुरावा घेऊन आली. १६ सप्टेंबर १९८७ ला मॉन्ट्रियलचा करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. १ ऑगस्ट २००८ पासून आपण सीएफसीचं उत्पादन, दम्याच्या औषधाचा अपवाद ठेवून, मुदतीच्याही आधी थांबवलं. मुंबईच्या गोदरेजनं या शतकाच्या सुरुवातीलाच ओझोनला न दुखावणाऱ्या, हायड्रोकार्बनवर चालणाऱ्या फ्रीजचा मार्ग धरला. आज बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन असतो, आपल्या गॅस सिलिंडरमधल्या वायूचा सख्खा भाऊ. आता शास्त्रज्ञ म्हणतात, असंच चाललं तर जगाच्या बहुतेक भागात २०४० च्या सुमारास आणि अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास ओझोन १९८० च्या पातळीवर येईल. चूक केली, ओळखली, कबूल केली, आणि फिरवली. आपल्या भाषेत याला प्रतिक्रमण म्हणतात. जगातल्या सगळ्या देशांनी मिळून केलेलं एवढं मोठं प्रतिक्रमण दुसरं दाखवा.

आता ते नुकसान सांगते. ‘आमच्याकडे होतंच’ म्हटलं की पुढं काही करायचं उरत नाही. अभिमान वाटला, टाळी वाजवली, प्रसाद घेतला, घरी आलो. आणि हवेबद्दल आपल्या शास्त्रानं जे खरोखर सांगितलं आहे, ते कुणी काढतच नाही. वायू हा एकेंद्रिय जीव आहे, वायुकायिक, असं आपण पाठ म्हणतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यात प्रमादचर्या आहे. कारण नसताना माती उकरणं, पाणी सांडणं, आग पेटवणं, वारा ढवळणं, झाडपाला तोडणं. गृहस्थाला पूर्ण हिंसा टळत नाही हे आचार्यांना ठाऊक होतं. पंखा लावू नका असं ते म्हणत नाहीत. निष्कारण नको, बेफिकिरीनं नको, एवढंच म्हणतात. ओझोनचा शोध त्यात नाही, आणि नसला म्हणून त्याची किंमत कमी होत नाही. पण ओझोन वाचवायला लागणारी वागणूक त्यात पुरेपूर आहे.

ती वागणूक आपण करतो का? पाणी गाळून पितो, दिवस मावळायच्या आत जेवतो, कंदमुळं टाळतो. मी त्याला हसत नाही, मीही तेच करते. पण ज्या बेळगावात हवापालटाला लोक येत होते, तिथं आता दुकानात एसी, मंगल कार्यालयात एसी, नव्या घरात खोलीखोलीला एसी. वाढत्या उन्हात म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना, दुकानात दिवसभर उभं राहणाऱ्यांना गरज असते, ते मान्य. प्रश्न त्यातल्या गॅसचा आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बहुतेक एसीत आर-२२ हा वायू असतो. तो सीएफसीपेक्षा सौम्य, पण ओझोन खाणाराच, आणि तो २०३० पर्यंत बंद करायचा असं ठरलं आहे. जुना एसी काढायला माणूस येतो, नळीचं तोंड उघडतो, फुस्स आवाज होतो, दोन मिनिटांत सगळा गॅस हवेत. आपण दारात उभ्या राहून चहाचं विचारतो! गळका एसी दरवर्षी गॅस भरून तसाच चालवतो, गळती शोधायचे पैसे वाचवतो. हा प्रमादचर्येचा धडधडीत नमुना आहे, आणि तो आपल्या घरात, आपल्या डोळ्यांदेखत घडतो.

नव्या एसीतले वायू ओझोनला धक्का लावत नाहीत, पण ते सुटले तर पृथ्वी तापवतात. त्यातले काही कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट, काही दोन हजार पट. म्हणून २०१६ मध्ये किगालीला त्यांच्यावरही करार झाला आणि २०२१ मध्ये भारतानं तो मान्य केला. म्हणजे ‘नवा घेतला, सुटलो’ असंही नाही.

हवेला सीमाप्रश्न नसतो. कोगनोळीच्या नाक्यावर गाड्या अडवता येतात, गॅस अडवता येत नाही. निपाणीत सुटलेला वायू कर्नाटकातच राहील किंवा महाराष्ट्रात जाईल असा वाद घालायला तो थांबत नाही. वर जातो, पसरतो, आणि वर्षानुवर्षं तिथं राहतो. आपण जन्माला यायच्या आधी बनलेल्या फ्रीजमधला सीएफसी अजून वर आहे, आणि आपल्या नातवंडांच्याही डोक्यावर तो असणार आहे. कर्म केलं तेव्हा संपत नाही, उदयाला येतं तेव्हा कळतं, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. पाठशाळेच्या वह्यांतून ते वाक्य काढून टाका. वातवलय शिकवायचं तर लोकरचनेत शिकवा, पूर्ण शिकवा, मापासकट. ओझोन शिकवायचा तर ॲना मणींच्या नावानं शिकवा आणि पोरींना सांगा की कुड्या नाकारून पुस्तकं मागणारी ती मुलगी होती. बस्तीच्या, सभागृहाच्या विश्वस्तांनी एसी बसवण्याआधी खिडक्या कुठं आहेत ते बघावं, आणि बसवलाच तर कुठला गॅस आहे ते विचारून, लिहून ठेवावं.

आणि घरात हिशोब ठेवणाऱ्या आपण बायकांनी एक करावं. एसी काढायला, दुरुस्त करायला माणूस आला की त्याला नळी उघडू देण्याआधी विचारायचं, “भाऊ, आतला गॅस कुठं सोडणार?” गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरून घ्यायचं यंत्र असतं. ते ज्याच्याकडे असेल त्यालाच बोलवायचं, दोनशे रुपये जास्त गेले तरी. तो हसेल, म्हणेल, बाई, हवेतच तर जातोय. त्याला सांगायचं, हवेतच जातोय म्हणून तर विचारतेय.